मुशीचं बळ की मर्यादवेलीचं?

सोनेरी वाळूच्या काठाशी एक इवलंसं खोपटं होतं. त्यात सगुणा आणि तिची आये राहत. आये पहाटे मासळी आणी, दिवसभर वाळत घाली, सांजेला विकायला नेई. बसल्या बसल्या डोळा लागला की दचकून म्हणे, "बाय, कावळे हाकल गं!" सगुणाला वाटे, आये अशीच दमून दमून एक दिवस आजारी पडेल.

एकदा ओहोटीला खडकांतल्या डबक्यात मुशीचं पिल्लू अडकलं. मुशी म्हणजे शार्कची छोटुकली बहीण. रुपेरी पिल्लू घाबरंघुबरं होऊन गोल गोल फिरत होतं. कालवण झकास झालं असतं. पण सगुणाने त्याला टोपलीत घेऊन लाटेत सोडलं. परतताना कुणीतरी तुडवलेली मर्यादवेल, किनाऱ्याच्या वाळूवर पसरणारी वेल, दिसली. तिची उघडी मुळं तिने ओल्या वाळूत दाबली.

तोच वेलीच्या जांभळ्या फुलातून एक परी निघाली. पंखांवर शिंपल्यांची चमचम, डोळ्यांखाली मात्र काळी वर्तुळं. परी झाली तरी झोप काही पुरी झालेली दिसत नव्हती.

"दमलीस का गं, परीताई?"

"हे आजवर कुणी विचारलं नव्हतं बघ," म्हणत परी मटकन बसली. "सगळे आधी वरच मागतात. तूही माग. पण ज्यांना वाचवलंस, त्यांच्यापैकी एकीचंच बळ देता येतं. दिलेलं परत घेता येत नाही."

"मुशीचं! ती सारखी पोहते, दमत नाही. आयेला दे."

"देते. पण मुशीला थांबता येत नाही हं. थांबली की गुदमरते."

"म्हणजे आये कधीच बसणार नाही?"

"कधीच नाही."

"आणि वेल?"

"वेल टेकेल तिथे मूळ धरते. वारा सुटला तरी वाळू उडू देत नाही. पण तिला जागा सोडता येत नाही."

सगुणाने लाटांकडे पाहिलं. त्यांच्यामागे धावायला तिला किती आवडे! मग हळूच म्हणाली, "वेलीचं बळ मलाच दे. मी वाळवणापाशी बसेन. आये झोपेल."

परीचे डोळे भरून आले. "दुसऱ्यासाठी थांबते ना, तिला वेल बांधून ठेवत नाही, राणी." आणि जांभळ्या उजेडात परी विरघळून गेली.

त्या दुपारी सगुणा वाळवणापाशी बसून कावळे हाकत राहिली आणि आये गाढ झोपली. आये उठली तेव्हा ऊन उतरलं होतं.

"अगं, मला हाक का नाही मारलीस?"

"मी होते ना," सगुणा म्हणाली.