इनामदारांचा उंबरठा वाढला त्याची कथा

कासारबोरीच्या हैबतराव इनामदारांनी भर दुपारी, साऱ्या गावादेखत, कोंडिबा सुताराच्या भुशाने माखलेल्या पायांवर डोकं ठेवलं.

असं काही झालं नाही. इनामदारांच्या घरचे तसं शपथेवर सांगतात, आणि मोठ्या घरची माणसं खोटं कशाला बोलतील? तेव्हा भाविकहो, वरचं वाक्य वाचलंच नाही असं समजून श्रद्धेने पुढे चला.

त्या काळी श्रीदाजीबा महाराजांचा मुक्काम कासारबोरीत, कुंभाराच्या भट्टीशेजारी होता. जागा ऊबदार म्हणून महाराज तिथे बसतात, असं कुंभार म्हणे. महाराज तिथे बसतात म्हणून जागा ऊबदार आहे, असं गाव म्हणे. इतर संत भक्ताकडे पाहून मंद हसतात. आमचे महाराज भक्ताकडे असे पाहत, की त्याला मागच्या सात जन्मांतल्या चुका ओळीने आठवत. मात्र एखादं म्हातारं माणूस काठी टेकत आलं, की महाराज उठून उभे राहत आणि ते माणूस बसेपर्यंत बसत नसत.

कोंडिबा त्यांचा साधा भक्त. रोज भट्टीसाठी लाकडाचे ढलपे आणून टाकी, नमस्कार करी आणि काही न मागता निघून जाई. आईबाप लहानपणीच गेले. त्याला वाढवलं राहीआत्याने. आता आत्या पंचाहत्तरीच्या पुढे होती. गुडघे गेले होते, नजर अधू झाली होती, जीभ मात्र नवीकोरी.

आपल्याकडे उंबरठ्यावर पाय देत नाहीत. ती लक्ष्मीची जागा, ती ओलांडायची. कोंडिबाच्या घरचा उंबरठा त्याच्या आज्याने बसवलेला, बाभळीचा, वीतभर उंच. आत्याचा पाय वीतभर उचलेना, आणि वर टेकवायची तर सोय नाही. एका सकाळी ती तुळशीला पाणी घालायला निघाली, अडखळली आणि तांब्यासकट अंगणात पडली. खुबा दुखावला. आणि पडल्यापडल्या तिने पहिलं काम काय केलं? उंबरठ्याला पाय लागला म्हणून त्याच्याकडे वळून हात जोडले.

ते पाहून कोंडिबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दोन महिने आत्या अंथरुणावर होती. तेवढ्यात त्याने घर फिरवून टाकलं. खाटेपासून मोरीपर्यंत भिंतीला हाताच्या उंचीवर दोर बांधला. मोरीतला गुळगुळीत दगड काढून खरबरीत बसवला. पाण्याचा माठ खाली आणला. आणि शेवटी करवत घेऊन आज्याचा उंबरठा दोन्ही बाजूंनी कापला, उचलून भिंतीशी उभा केला, आणि दारात उताराची फळी टाकली. आत्या दोर धरत, फळीवरून पाय घासत, एकटी तुळशीपाशी पोचली. त्या दिवशी तिने तुळशीला इतकं पाणी घातलं की तुळस कुजायची वेळ आली.

तिसऱ्या दिवशी हैबतराव दारात उभे. मागे चार माणसं, वेळ आली की हसायला.

"काय रे कोंड्या, लक्ष्मीला घसरगुंडी करून दिलीस होय?"

चौघे हसले.

"आत्याला पाय उचलत नाही, सरकार."

"मग बसावं घरात! आमच्या मातोश्री माईसाहेब बघ. चार वर्षं झाली, उंबरठ्याबाहेर पाऊल नाही. याला म्हणतात घराणं."

आतून आत्या म्हणाली, "पाऊल नाही का वाट नाही, ते त्यांना इचारलं का कधी?"

चौघांपैकी एक चुकून हसला. हैबतरावांनी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो खोकला.

"शुक्रवारी आमच्याकडे उंबरठ्याची पूजा आहे," हैबतराव म्हणाले. "तोवर तुझा उंबरठा जागेवर बसला पाहिजे. नाही बसला, तर या गावात तुला खिळा ठोकू द्यायचा नाही."

ते गेले. कोंडिबा फळीवर बसून राहिला. काम गेलं तर आत्या उपाशी. उंबरठा बसला तर आत्या कोंडलेली. इनामदारांच्या माईसाहेबांसारखी, खिडकीतून दिसेल तेवढंच जग. "बसव बाबा," आत्या म्हणाली. "मी काय, आज आहे उद्या नाही." हे ऐकून त्याला जेवढा राग आला, तेवढा हैबतरावांचाही आला नव्हता.

शुक्रवारी सकाळी तो उंबरठा खांद्यावर आणि करवत हातात घेऊन भट्टीपाशी गेला आणि सगळं सांगितलं. महाराजांनी लाकूड हातात घेतलं. उलटून पाहिलं, पालटून पाहिलं.

"लक्ष्मी यात कुठल्या अंगाला बसते रे?"

"ठाऊक नाही, महाराज."

"मलाही नाही. पण त्या हैबत्याला बरं ठाऊक!" महाराजांचा आवाज चढला. "उंबरठा लक्ष्मीचा, मग म्हातारी कुणाची? लाकडाला हळदकुंकू, आणि जिने जन्म दिला तिला कोपरा! चल!"

आणि त्यांनी तो उंबरठा भट्टीत टाकला. त्या दिवशी मडकी फार छान भाजली. लक्ष्मीची काही तक्रार आली नाही.

इनामदारांच्या दारी पूजा रंगात आली होती. उंबरठा चांगला दीड वीत, सागवानी, वर पितळी पत्रा ठोकलेला. भटजी आणि गाव बाहेर, हैबतराव आत उभे.

"उंबरठा जितका उंच, तितकं घराणं उंच!" ते म्हणाले.

"असं?" महाराज गर्दीतून पुढे आले. "मग होऊ दे आणखी उंच!"

लाकूड करकरलं आणि उंबरठा वर येऊ लागला!

गुडघ्याला लागला, तेव्हा हैबतराव आनंदाने ओरडले, "बघा! लक्ष्मी प्रसन्न झाली!" कमरेला लागला, तेव्हा ते गप्प झाले. छातीला लागून थांबला, तेव्हा त्यांनी भटजींकडे पाहिलं. भटजींनी पंचांगात पाहिलं. पंचांगात नव्हतं. गडी मागच्या दाराकडे धावला आणि परत येऊन म्हणाला, "तिकडं तर गळ्याला हाय, सरकार."

"पाय देऊन चढा की!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"उंबरठ्यावर पाय?" दहा जण एकदम ओरडले. सवय होती.

हैबतरावांची पाचावर धारण बसली. "कोंड्या! अरे, करवत आण!"

करवत कोंडिबाच्या हातातच होती. तो जागचा हलला नाही. एवढ्या वर्षांचं "होय सरकार" त्याने या वेळी गिळून टाकलं. त्याने हैबतरावांच्या डोक्यावरून आत पाहिलं आणि हाक मारली, "माईसाहेब! तुम्ही कुठं आहात?"

"इथंच आहे बाबा," आतल्या अंधारातून आवाज आला. "मी कुठं जाणार?"

"चालता येतं का तुम्हाला?"

"चालता येतं रे. ओलांडता येत नाही. चार वर्षांत विचारणारा तू पहिला."

कोंडिबाने दात आवळून करवत लावली, तीन वेळा ओढली. करवतीचे दात मेणासारखे वळले.

"ठेव ती," महाराज म्हणाले. "हे करवतीचं काम नव्हे. हैबत्या, वाक!"

"महाराज, सगळं गाव बघतंय..."

"गावाने बघावं म्हणूनच सांगतोय. वाक!"

हैबतराव वाकले. हात टेकले, गुडघे टेकले. भिंतीचा आधार घेत माईसाहेब आल्या, आणि मुलाच्या पाठीवर पाय ठेवून उभ्या राहिल्या. कोंडिबाने बाहेरून हात दिला. त्यांचा हात एखाद्या पाखरासारखा हलका लागला.

"उंबरठ्यावर पाय देऊ का? पाप लागेल."

महाराजांनी त्या म्हातारीपुढे हात जोडले. "द्या माई. लागलं तर माझ्या नावावर."

माईसाहेबांनी पाय ठेवला, आणि ओल्या मातीत पाऊल रुतावं तसा तो पितळी उंबरठा त्यांच्या पायाखाली खाली खाली जात जमिनीला मिळाला. धन्य ती माउली, आणि धन्य महाराज!

उन्हात त्या डोळे मिचकावत उभ्या राहिल्या. "समोरची चिंच कुठं गेली?"

"पडली, माईसाहेब. तीन वर्षं झाली."

"आणि काशी? कुंभाराची आई. रोज हाक मारायची मला मागच्या खिडकीतून. रुसली वाटतं."

कुंभाराने मान खाली घातली. "गेली. दोन वर्षं झाली."

"मला कुणी सांगितलं नाही," माईसाहेब म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

हैबतराव रांगतच बाहेर आले आणि महाराजांच्या पायांकडे वळले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझे नव्हेत. त्याचे." मग हैबतरावांनी कोंडिबाच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि बराच वेळ उचललं नाही.

"उठा सरकार," कोंडिबा म्हणाला. त्याचा राग गेला नव्हता, पण त्याला आता काम दिसत होतं. "गावात एकोणीस म्हाताऱ्या माणसांची दारं आहेत. फळी धरायला माणूस लागेल."

हैबतरावांनी एकोणीस दारी फळी धरली. चौघांपैकी हसायला कुणी आलं नाही. विसाव्या दिवशी महाराजांनी त्यांना कागद-दौत घेऊन बसवलं आणि म्हणाले, "माई सांगतील ते लिही. एक अक्षर गाळू नकोस." तो अर्ज असा:

"मेहेरबान यमधर्मराज साहेब यांचे सेवेशी,

अर्जदार अंबूबाई, वय अंदाजे ऐंशी, राहणार कासारबोरी, सविनय अर्ज करते की, अर्जदाराच्या आयुष्यातील मागील चार वर्षे तिच्या मुलाने तिला न विचारता घरात ठेवून घालवली. सदर मुदतीत अर्जदार कोठेही गेली नाही, व तिची मैत्रीण काशी हिच्या अखेरच्या वेळी हजर राहू शकली नाही. सबब सदर चार वर्षे जगलेली धरू नयेत; तेवढी मुदत पुढे वाढवून मिळावी, आणि सदरहू काशी हिस त्या मुदतीपुरते परत पाठवावे, ही विनंती.

वरील मजकूर खरा आहे. अर्ज लिहिणार : मुलगा."