वीतभर वर राहिलेला हात

खडकमळीच्या देवळात नवा पाळक, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा धर्मगुरू, नेमला जातो तेव्हा बाहेरगावचे पाहुणे हटकून चक्रावतात. इतर ठिकाणी वडीलजन उमेदवाराच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि त्याला पाळकपण मिळतं. इथं हात डोक्याच्या वीतभर वरच थांबतात. प्रार्थना होते, आमेन होतं, आणि न टेकलेले हात तसेच मागे घेतले जातात. असं का, म्हणून विचारलं की मंडळी एस्तेरआजी भांबळ यांच्याकडे बोट दाखवतात. आजी पाहुण्यांना देवळामागच्या दफनभूमीच्या कठड्यावर बसवतात. त्यांना हे सगळं त्यांच्या आजेसासूनं सांगितलेलं.

प्लेगाच्या सालात इथं नारोबा नावाचे पाळक होते, असं सांगतात. जिवबा हा त्यांच्या हाताखालचा उपदेशक. शाळेत पोरांना अक्षरं शिकवी, आजाऱ्यांच्या उशाशी बसून वचनं वाची, पण येशूच्या आठवणीत मंडळीला वाटायची प्रभुभोजनाची भाकर मोडण्याचा अधिकार त्याला नव्हता. तो दीक्षा घेतलेल्या पाळकाचा. जिवबा अजून त्या पायरीवर पोचला नव्हता. घरात तो आणि त्याची आई धुरपताबाई, दोघंच. मंडळीत पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतलेल्यांपैकी ती एक. त्यापायी भावकीनं तिला पाणवठ्यावरून हाकललं होतं, पण ती ढळली नव्हती. देवाच्या कामात तिला उणं-अधिक चालत नसे.

त्या वर्षी घरांत उंदीर मरून पडू लागले आणि गाव माळावर झोपड्या घालून राहायला गेलं. वाटांवर पहारे बसले. बाहेरचं माणूस आत येईना, आतलं बाहेर जाईना. माणसं मरत होती, आणि मरण्याआधी प्रत्येकाला प्रभुभोजन हवं होतं. नारोबा या झोपडीतून त्या झोपडीत जात राहिले. मग एके दिवशी त्यांच्याच काखेत गाठ उठली.

आपल्यामागं मंडळी पोरकी होणार हे त्यांनी ओळखलं. वडीलजनांची सभा बोलावणं शक्यच नव्हतं. त्यांनी जिवबाला निरोप धाडला आणि भर दुपारी, उरलेल्या मंडळीसमोर, काठी टेकत झोपडीबाहेर आले. जिवबा गुडघ्यांवर बसला. माणसं लांब, बाभळीच्या कुंपणापाशी उभी होती. नारोबांनी हात उचलला. तो डोक्यावर टेकावा म्हणून जिवबानं मान पुढं केली, तसे नारोबा मागं सरले.

"पुढं येऊ नकोस," ते म्हणाले. "या हातात मरण आहे रे. ते कसं देऊ तुला?"

हात वीतभर वर धरूनच त्यांनी सगळी प्रार्थना म्हटली. जिवबा रडत होता. तो हात एवढा जवळ होता की त्याच्या तापाची धग केसांना लागत होती, असं त्यानं पुढं कुणाला तरी सांगितलं म्हणे. दुसऱ्या दिवशी नारोबा गेले.

आणि मंडळीत वाद उठला. सटवाजी हे मंडळीतले वयानं वडील, शब्दाचे पक्के. ते म्हणाले, "प्रभूनं प्रेषितांना दिलं, प्रेषितांनी हात ठेवून पुढच्यांना दिलं. असं हातोहात इथवर आलंय. एलीया संदेष्टा सर्गाला गेला तवा त्याचा झगा चेल्याच्या, अलीशाच्या हाती आला व्हता. हितं काय आलं? हात टेकलाच न्हाई."

सगुणा नावाची एक विधवा होती. ती म्हणाली, "सावली तर पडली ना? पेत्र प्रेषिताच्या सावलीनं आजारी उठलं, आसं तुमीच वाचून दावता."

तिनं जिवबाच्या हातची भाकर घेतली. तिच्यासारखी आणखी थोडी निघाली. बाकीच्यांनी तोंड फिरवलं. ज्यांनी घेतली त्यांतलेही मेले, ज्यांनी नाकारली त्यांतलेही मेले. सगुणा मेली. सटवाजींचे दोन्ही मुलगे मेले, भाकरीवाचून. सगळ्यांना पुरलं जिवबानंच. खांदा द्यायला माणूस मिळेना तेव्हा त्यानं प्रेतं पाठीवर वाहिली.

मग धुरपताबाईला ताप भरला.

जिवबा भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला घेऊन तिच्यापाशी बसला. ती बराच वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिली. सारखी माती उपसून ते सोलवटले होते.

"जिवबा," ती म्हणाली, "तू माजा ल्योक हाईस. पाळक न्हाईस."

"आई, पाळकबाबांनी मला नेमलंय. सगळ्यांदेखत."

"म्या बी तितंच हुते. हात न्हाई टेकला, बाळा. म्या समद्या गोताला सोडलं ते खऱ्यासाठी. आता जाताना आईची माया मधी आणू का?"

"आन मी खोटं देईन का तुला?"

तिनं त्याचा गाल कुरवाळला. "तुला बी ठावं न्हाई, बाळा. तुज्या डोळ्यांत दिसतंय."

ते खरं होतं. प्याला तसाच राहिला. आई त्याचा हात हातात धरून गेली, पण त्या हातातली भाकर तिनं घेतली नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर साथ ओसरली. पहारे उठले आणि तालुक्याच्या गावाहून वडीलजन आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांतले जे प्रमुख होते ते डोळे पुसत म्हणाले, "जिवबा, तुमच्याइतका लायक माणूस आम्हाला कुठं मिळणार? या, गुडघे टेका. आम्ही रीतसर हात ठेवतो. कुणाला शंका नको."

जिवबा जागचा हलला नाही.

"आज तुम्ही हात ठेवलात," तो म्हणाला, "तर मी आजपासून पाळक. मग सगुणाबाईनं काय खाल्लं? माझ्यावर विश्वास ठेवून जे गेले, त्यांना मागं जाऊन मी खोटं पाडू? आणि तेव्हाच पाळक होतो म्हणू, तर माझी आई खरी भाकर नाकारून गेली असं ठरेल."

वडीलजनांनी खूप समजावलं. तो ऐकेना. पाळक नाही आणि पाळक नव्हता असंही नाही, असा तो उरला. शाळा चालवी, कबरी खणी, उपासनेला शेवटच्या रांगेत बसे. पुन्हा कधी भाकरीला त्यानं मोडण्यासाठी हात लावला नाही.

पुढं मंडळीसाठी दुसरा माणूस निवडला गेला. तो दिवस आला तेव्हा सर्वांत वडील म्हणून पहिला हात सटवाजींचा होता. देऊळ गच्च भरलेलं. सटवाजींनी हात उचलला, पुढं नेला आणि त्यांची नजर शेवटच्या रांगेत गेली. हात तिथंच थांबला. शेजारच्यानं हळूच सांगितलं, "बाबा, टेकवा."

"न्हाई टेकवत," सटवाजी म्हणाले. "ह्यो टेकवला तर त्यो खोटा ठरतुया. माजी पोरं मी उपाशी धाडली रं."

मग इतरांचेही हात वरच राहिले. प्रार्थना तशीच झाली. सगळं देऊळ रडत होतं म्हणे, आणि माणसं मागं वळून जिवबाकडे बघत होती. त्याला हेच हवं असेल, असं त्यांना वाटलं. जिवबा उठला आणि कुणाशी न बोलता बाहेर गेला. आईच्या कबरीवरची ढेकळं हातानं फोडून तो ती सपाट करत बसला. नवा पाळक स्वतः बोलवायला आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं. आता हिच्या बाजूनं कुणीच उरलं नाही. हिला एकटी सोडवत नाही."

आजही खडकमळीत हात टेकत नाही. शहरातून आलेले शिकलेले पाळक यावर कधी कधी हुज्जत घालतात, आणि शेवटी त्या वीतभर अंतराखाली मान झुकवतात. पाहुण्यांपैकी कुणीतरी नेहमी विचारतं, मग जिवबाला तो अधिकार मिळाला होता की नव्हता? एस्तेरआजी पदरानं कठड्यावरची धूळ झटकतात. "आमच्यात अजून दोन मतं आहेत," त्या म्हणतात. "आणि दोन्ही मतांची माणसं इथंच, शेजारी शेजारी पुरलेली आहेत."