साळिंदराची उचकी

एका नगरात बाहुल्यांचे चित्रपट करणारे एक वृद्ध कलावंत राहत असत. त्यांच्या कामाची रीत अशी की टेबलावर बाहुली उभी करायची आणि तिचा फोटो काढायचा; मग तिचा हात कणभर हलवायचा आणि पुन्हा फोटो काढायचा. असे असंख्य फोटो एकामागून एक वेगाने दाखवले, की पडद्यावर ती बाहुली आपल्या पायांनी चालू लागते. दिवसभर खपावे, तेव्हा ती जेमतेम उंबरठा ओलांडते. एवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्हाआम्हाला वाटेल. त्यांच्या शिष्यांनाही सुरुवातीला तसेच वाटे, पुढे वाटेनासे होई.

त्या कार्यशाळेत एक नियम होता. काम चालू असता कुणाचा धक्का लागून बाहुली पडली, तर त्याने मोठ्याने 'पडलं' म्हणायचे. कसे पडले हे कुणी विचारायचे नाही, कुणी रागवायचे नाही. गुरुजी जागेवरून उठत, बाह्या वर सारत आणि म्हणत, "चला, पहिल्यापासून." मग त्या प्रसंगाचे तोवर काढलेले सगळे फोटो रद्द होत, कारण पडलेली बाहुली पुन्हा नेमकी होती तशी उभी करणे कुणालाच साधत नाही.

त्या वर्षी त्यांनी एका साळिंदर कुटुंबाचा चित्रपट हाती घेतला होता. घरातल्या पिल्लाने पावसाळ्यासाठी साठवलेले कंद खेळताखेळता ओढ्यात घालवले, आणि संध्याकाळी ते भीतभीत घरी परतले. दारात बाप उभा, अंगावरचे सगळे काटे ताठ. पिल्लू थरथरते आहे हे त्याला दिसते, आणि त्याचा एकेक काटा हळूहळू खाली येऊ लागतो. सगळे काटे निजले, की तो पिल्लाला जवळ घेतो. तोंडातून शब्द एकही नाही. बापाचे काटे बांबूच्या काड्यांचे होते. प्रत्येक फोटोआधी गुरुजी पितळी चिमट्याने एकेक काटा किंचित कलता करीत. ज्याचे सर्वांग काट्यांचे आहे, त्याने लेकराला जवळ घ्यायचे तर आधी काय करावे लागते, हे त्यांना शब्दांवाचून सांगायचे होते. म्हणून तो प्रसंग त्यांनी स्वतःकडे ठेवला होता.

एका दुपारी त्यांना ताप भरला. घरी जाताना त्यांनी चिमटा आपल्या थोरल्या शिष्याच्या हाती दिला आणि म्हणाले, "संध्याकाळपर्यंत तू पुढे ने. घाई करू नकोस."

शिष्य हाताने कुशल होता. नवशिक्यांना तोच शिकवीत असे, आणि त्यांच्या चुकांवर त्याची जीभ जरा तिखटच चालत असे. काटे निम्मे खाली आले असताना दिवा सरकवायला तो वळला आणि त्याचे कोपर टेबलाला लागले. साळिंदर आडवे झाले. शेजारच्या खोलीत नवशिके काम करीत होते, त्यांचे बोलणे त्याला ऐकू येत होते. 'पडलं' हा शब्द त्याच्या ओठांवर आला आणि तिथेच राहिला. त्याने साळिंदर उभे केले, काटे अंदाजाने लावले आणि फोटो काढला. डोळ्याचे पाते लवेपर्यंत निघून जाईल, कुणाला कळणार आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली.

ताप उतरल्यावर गुरुजींनी चिमटा परत घेऊन तो प्रसंग शेवटास नेला. चित्रपट पुरा झाल्यावर, बाहेर दाखवण्यापूर्वी, पैसा घालणाऱ्या व्यापाऱ्याने आपले आप्त आणि शेजारी मुलाबाळांसह पाहायला बोलावले. पिल्लू दारात आले तेव्हा सभागृहात चिडीचूप झाले. पुढच्या रांगेतली एक लहान मुलगी सरकत सरकत वडिलांच्या मांडीवर जाऊन बसली. काटे खाली येऊ लागले, आणि मध्येच साळिंदर टुणकन जागच्या जागी उडाले.

"बाबा, त्याला उचकी लागली," मुलगी म्हणाली.

सगळे सभागृह हसले. बापाने पिल्लाला जवळ घेतले तेव्हाही लोक हसतच होते, आणि ती मुलगी मांडीवरून उतरून आपल्या खुर्चीत जाऊन बसली होती. मागे उभ्या असलेल्या शिष्याला धरणीने पोटात घ्यावे असे झाले.

व्यापारी माणूस वाईट नव्हता. तो गुरुजींजवळ आला आणि अदबीने म्हणाला, "गुरुजी, राग मानू नका. हा प्रसंग तुम्ही स्वतः केलात ना? वय कुणाला चुकलंय? हात कापायला लागला तुमचा. यापुढचं काम तुमच्या या थोरल्या शिष्याकडे सोपवा, तुम्ही आता आराम करा."

गुरुजींनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले. "कापत असेल, शेठ," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून पितळी चिमटा काढून सर्वांसमोर शिष्यापुढे धरला. शिष्याने तो घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्यापारी म्हणाला, "उद्या सकाळी कार्यशाळेत येऊन मी सगळ्यांना रीतसर सांगतो."

संध्याकाळी शिष्य गुरुजींच्या घरी गेला आणि दारातच उभा राहिला. त्याला आत जाववेना.

"तुम्हाला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काटे मी लावलेले आहेत. कुठला कुठे होता, ते मला ठाऊक नसेल?"

"मग तिथेच सांगायचं होतं, गुरुजी. इतक्या लोकांत माझं पाप तुम्ही अंगावर घेतलंत आणि वर मलाच चिमटा दिलात. त्यापेक्षा मला मारलं असतंत तरी चाललं असतं."

"आत ये आधी," गुरुजी म्हणाले. तो बसल्यावर ते सावकाश बोलू लागले. "मी म्हटलं असतं 'पडलं', तर ती तुझ्यावर फिर्याद झाली असती. ज्याच्या हातून पडतं त्यानेच म्हटलं, तर तो कामाचाच भाग असतो. म्हणून तो शब्द मी तुझ्यासाठी ठेवला. आता नीट ऐक. आपल्या दोन फोटोंच्या मध्ये आपला हात असतो. तो फोटोत येत नाही, प्रेक्षकांना कधी दिसत नाही. पण पडद्यावर जे जिवंत वाटतं, ते सगळं त्या न दिसणाऱ्या जागेतच घडलेलं असतं. ती पोर बापाच्या मांडीवर जाऊन बसली, ती काय बांबूच्या काड्या पाहून? त्या काड्या कुणीतरी मायेने खाली घेतल्या, हे तिला पोचलं म्हणून. आणि जिथे तू लपवलंस, तेही तिला पोचलं. कुणी पाहत नसतं तिथे आपण जे करतो, तेवढंच लोकांना दिसतं, बाबा. बाकी आपल्याजवळ दाखवण्यासारखं काही नाही."

"आणि चिमटा?"

"शेठ म्हणाले, हात कापतो. म्हटलं, बघावं तरी कुणाचा कापतो ते. तू चिमटा घेतलास तेव्हा मला दिसलं."

शिष्याने मान खाली घातली. तो तसाच नमस्कार करून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी आला. नवशिके रांगेने उभे राहिले. व्यापाऱ्याने बोलायला तोंड उघडले, तोच शिष्य पुढे झाला. ज्यांना तो रोज चुका दाखवीत असे, त्यांच्याकडे पाहण्याचे धैर्य त्याला नव्हते. त्याने टेबलावरच्या साळिंदराकडे पाहिले आणि मोठ्याने म्हटले, "पडलं." मग नियमात नसलेले आणखी थोडे बोलला. "त्या दुपारी गुरुजी तापाने घरी गेले होते. माझ्या हातून पडलं, आणि मी सांगितलं नाही. गुरुजींचा हात कापत नाही."

व्यापारी गोंधळला. "पडलं म्हणजे? कसं काय पडलं?"

नवशिक्यांपैकी एक जण हळूच म्हणाला, "शेठ, इथे ते विचारत नाहीत."

गुरुजी जागेवरून उठले. त्यांनी बाह्या वर सारल्या. "चला, पहिल्यापासून," ते म्हणाले, आणि नवशिके दिवे लावायला धावले.

शिष्याने चिमटा त्यांच्यापुढे धरला. लाजेने त्याचे कान लाल झाले होते आणि हात थरथरत होता. "गुरुजी, आज माझ्याने व्हायचं नाही," तो म्हणाला. "हात ठरत नाही."

गुरुजींनी चिमटा घेतला आणि साळिंदराच्या पिल्लाची बाहुली त्याच्या हातात ठेवली.

"नको ठरू दे," ते म्हणाले. "बाप मी करतो. दारात येणारं पिल्लू आज तू कर."