शिक्क्यासकट नकाशा

फार पूर्वी, गलबतं शिडांवर चालत होती त्या काळी, एका खाडीच्या तोंडाशी एक तांडेल राहत असे. त्याचा सगळा जन्म सुकाणू धरण्यात गेला होता. खाडी मात्र मोठी लहरी. आज जिथून गलबत सुखरूप जाई, तिथेच पुढच्या साली वाळूचा ढीग बसलेला असे. तांडेलाचा सख्खा भाऊ अशाच एका ढिगावर गलबत फुटून गेला. तांडेल आठ दिवस रडला. नवव्या दिवशी त्याने दोरीला शिशाचा गोळा बांधला आणि खाडी मोजायला घेतली.

तीन वर्षं तो मोजत होता. मग त्याने जाड कापडावर नकाशा काढला. खडक कुठे, वाळू कुठे, आणि ओहोटीला कुठे किती हात पाणी राहतं, ते सगळं त्यावर आलं. भरतीचं माप तो कधीच लिहीत नसे. "भरती काय, सगळंच झाकते," असं तो म्हणे.

शेजारी म्हणाले, "शहाणा असशील तर हा नकाशा पेटीत ठेव. ज्याला खाडीत यायचं असेल तो तुझे पाय धरील."

"माझा भाऊ गेला तेव्हा कुणाचे पाय धरायचे होते?" तांडेल म्हणाला. "ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा. अट एकच. नवी वाळू दिसली तर मला येऊन सांगायचं."

नकाशा बघता बघता बारा बंदरांत पोहोचला. गलबतांचे मालक, नाखवे, चिठ्ठ्या पाठवू लागले. चिठ्ठी आली की तांडेल स्वतः जाऊन मोजणार, पटलं तर नकाशा दुरुस्त करणार आणि कोपऱ्यात आपला सागवानी शिक्का उमटवणार. त्या शिक्क्यावर एक मासा कोरला होता. मासा दिसला की नाखवे डोळे मिटून विश्वास ठेवत.

तीस वर्षं हे छान चाललं. मग तांडेलाचे गुडघे कुरकुरू लागले. चिठ्ठ्या काही थांबेनात. त्या दाराजवळच्या टोपलीत जमू लागल्या. कुणी म्हणालं, "काका, मी मोजून आणू का?" तर तांडेल विचारी, "तुला दोरी सरळ धरता येते का?" त्याच्या मते अख्ख्या किनाऱ्यावर दोरी सरळ धरणारा माणूस एकच होता, आणि तो त्या वेळी गुडघ्याला तेल लावत बसलेला असे.

एके दिवशी भाताने भरलेला एक पडाव, म्हणजे मालाची मोठी होडी, वाळूवर चढला आणि आडवा झाला. माणसं वाचली, पण थोडक्यात. पडाव चालवणारी तरुण बाई वडिलांच्या मागे तोच एक आधार धरून होती. ती ओल्या कपड्यांनी तांडेलाच्या दारात आली. तिने आरडाओरडा केला नाही. टोपलीत हात घातला, चिठ्ठ्या उलटसुलट केल्या आणि एक बाहेर काढली.

"काका, ही वाळू तुमच्या टोपलीत होती," ती म्हणाली. "चार महिन्यांपूर्वी मीच लिहून पाठवली होती. नकाशात नाही आली, म्हणून वाटलं तुम्ही मोजलीत आणि माझीच चूक निघाली. म्हणून त्या वाटेने गेले."

तांडेलाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. एवढ्या चिठ्ठ्यांपैकी अजून कोणती कुणाच्या जिवावर उठेल, हा विचार त्याला सोडीना. आणि आपण उद्या डोळे मिटले तर? नकाशा शिळा होणार, शिळ्या नकाशावर लोक विश्वास ठेवणार, आणि त्यावर मासा आपला असणार.

बारा बंदरांची मिळून एक सभा होती. टेकड्यांवरचे दिवे, धक्क्यांवरच्या विहिरी, असं जे कुणा एकाचं नाही आणि सगळ्यांना लागतं, ते ही सभा सांभाळत असे. तांडेल नकाशाची मूळ गुंडाळी आणि टोपली घेऊन सभेपुढे उभा राहिला.

"हा नकाशा मी सभेला दिला," तो म्हणाला. माणसं उठून उभी राहिली. कुणी डोळे पुसले.

सभेची कारभारीण म्हातारी होती आणि तिला अशा प्रसंगी रडू येत नसे. तिने विचारलं, "आणि शिक्का?"

"शिक्का राहू दे माझ्याकडे," तांडेल म्हणाला. "तुम्ही मोजा, लिहा. शेवटी मी एकदा नजर घालीन आणि मासा उमटवीन."

कारभारणीने गुंडाळी परत त्याच्या हातात ठेवली. "मग तांडेल, हा अजून तुमचाच आहे. तुमच्या दाराशी चिठ्ठ्या थांबायच्या, त्याऐवजी आमची माणसं थांबतील. एवढाच फरक."

तांडेल तणतणत घरी आला. "तीस वर्षांची मेहनत फुकट देतोय, तर म्हणे शिक्का द्या! उद्या कुणी उपटसुंभ भलतंच काही लिहील आणि वर माझा मासा मारील!"

त्याची बायको मासे साफ करत होती. तिने मान वर केली नाही. "अहो, हे म्हणजे तुम्ही मुलगी सासरी पाठवलीत आणि तिच्या पेटीची किल्ली कमरेला ठेवलीत. तिने रोज लुगडं मागायला माहेरी यायचं का?"

तांडेल चिडला. पण त्याच संध्याकाळी दोन नव्या चिठ्ठ्या आल्या आणि टोपलीत जागा उरली नव्हती. तो बराच वेळ शिक्का हातात घेऊन बसला. लाकूड त्याच्या अंगठ्याने झिजून गुळगुळीत झालं होतं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सभेत गेला आणि त्याने शिक्का कारभारणीपुढे ठेवला. त्याला रडू आलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

"आता दिला," तो म्हणाला.

"आता मिळाला," कारभारीण म्हणाली आणि तिने हात जोडले.

सभेने नियम केला. दुरुस्ती कुणीही सुचवावी. सुचवणारा सोडून आणखी दोघांनी, एकमेकांना न सांगता, ती जागा मोजावी. दोघांचं माप जुळलं तरच मासा उमटवायचा. नऊ जण कामाला लागले, त्यांत ती पडाववाली बाईसुद्धा होती. टोपली पंधरा दिवसांत रिकामी झाली. तांडेलाच्या बायकोने ती धुऊन त्यात कांदे भरले.

दोन वर्षं गेली. तांडेलाला घरी करमेना. एकदा होडीतून जाताना त्याला टेकडीच्या कुशीला एक नवी वाट सापडली. या वाटेने गेलं तर अर्धा दिवस वाचत होता. त्याने दोरी सोडली. सहा हात पाणी! त्याने मोठ्या उत्साहाने चिठ्ठी लिहिली आणि सभेकडे धाडली. आपली चिठ्ठी पडताळायला कोण जाणार, ती तशीच नकाशात जाईल, असं त्याने मनात धरलंच होतं.

आठ दिवसांनी पडाववाली बाई दारात आली.

"काका, तुमची दुरुस्ती सभेने घेतली नाही."

"माझी?" तांडेल उठूनच उभा राहिला. "कुणाची हिंमत झाली?"

"माझी," ती म्हणाली. ती मागे सरली नाही. "मी मोजलं आणि पलीकडच्या बंदरातल्या एकाने मोजलं. दोघांचंही एकच. ओहोटीला तिथे दोनच हात पाणी राहतं. तुम्ही भरतीला मोजलंत, काका."

"मी? भरतीला? अगं, ओहोटीचा नियम माझा आहे!"

"म्हणूनच तर नाही म्हटलं."

तांडेल ओहोटीच्या वेळी तिच्या होडीत बसून तिथे गेला. होडीपर्यंत पोहोचायला गुडघाभर चिखल तुडवावा लागला आणि प्रत्येक पावलाला त्याच्या तोंडून हाय निघाली. आता त्याला आठवलं. हा चिखल नको म्हणूनच तर त्या दिवशी तो भरतीला निघाला होता.

त्याने दोरी सोडली. शिसं लगेच वाळूला टेकलं. त्याने पुन्हा सोडली. दोन हात.

शिक्का घरी असता तर त्या दिवशीच त्याने मासा उमटवला असता. बारा बंदरांची गलबतं डोळे मिटून या वाटेने आली असती. त्याच्या अंगावर काटा आला. आणि मग एकाएकी तो हसायला लागला. इतका हसला, की होडी हलायला लागली आणि बाईने वल्हं घट्ट धरलं.

"पोरी," तो म्हणाला, "आता हा नकाशा माझ्यापासूनसुद्धा सुरक्षित आहे! अजून काय पाहिजे मला?"

त्या वर्षी सणाला दूरदूरची सत्तर गलबतं खाडीत आली. एकाचाही तळ वाळूला लागला नाही. धक्क्यावर ढोल वाजत होते. तांडेल गर्दीत उभा राहून एकेक शीड मोजत होता. तेवढ्यात परमुलखातला एक नाखवा त्याच्याजवळ आला.

"आजोबा, तुमचीही होडी आहे का? मग हा नकाशा ठेवा," असं म्हणून त्याने एक नवीकोरी गुंडाळी पुढे केली. "माझ्याकडे दोन आहेत. पैसे नकोत, हा सगळ्यांना फुकट असतो."

तांडेलाने गुंडाळी उलगडली. निम्म्या खुणा त्याला ओळखीच्या नव्हत्या. खाडीच्या बाहेरचा किनाराही आता नकाशात आला होता.

"छान आहे हो," तो म्हणाला. "काढला कुणी?"

"आम्हीच!" नाखव्याची छाती फुगली. "हा खडक बघा, हा मी दाखवलेला."

तांडेलाने खडकाच्या खुणेवर बोट ठेवलं. "ओहोटीला मोजलात ना?"

"मग! भरती काय, सगळंच झाकते," नाखवा म्हणाला आणि आपल्या गलबताकडे पळाला.

तांडेल तिथेच उभा राहिला. आपलंच बोलणं दूरच्या मुलखातून परत आलेलं ऐकून त्याचं मन भरून आलं. मग त्याने गुंडाळी डोक्यावर धरली आणि गुडघे विसरून ढोलाच्या तालावर नाचू लागला. बायको म्हणाली, अहो, पुरे. पण तो थांबला नाही, आणि थोड्या वेळाने तीही नाचायला लागली.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: सगळ्यांसाठी केलेली वस्तू सगळ्यांच्या हाती द्यायची, तर आपल्यालाही "नाही" म्हणण्याचा हक्क तिच्यासोबत त्यांना द्यावा, म्हणजे ती आपल्या चुकांतूनही वाचते आणि आपल्याहून मोठी होते.