राजनांगराचा बैल बसला

गोमिनीने एकदा भूमीपुढे दिवा लावून व्रत घेतले होते, की हात कोपरापर्यंत मातीत घालावा, तिथे ओल लागली तरच दाणा पेरावा. पुढे ते व्रत तिने दोनदा मोडले, आणि दोन्ही वेळा राजाच्या भीतीने.

ही गोष्ट फार पूर्वीची. वेत्रवती नगरीत महारुची राजा राज्य करीत होता आणि बोधिसत्त्व त्याच्या राजनांगराचा पांढरा बैल होऊन जन्मला होता. गोमिनी त्या बैलाचे चारापाणी पाहणारी शेतकरीण. तिथली रीत अशी, की ज्येष्ठातल्या पंचमीला राजाने स्वतः नांगर धरायचा आणि त्याच दिवशी साऱ्या राज्याने पेरायचे. जो मागे राहील त्याची जमीन जप्त. पूर्वजांच्या काळी तिथी बरोबर होती, कारण पाऊस तिथीला येई.

पण महारुचीने सातमजली प्रासादाच्या विटांसाठी डोंगरावरचे रान भट्ट्यांत घातले. बारा वर्षे आकाशात धूर चढला आणि ऋतूंची घडी विसकटली. पाऊस आला की एका दिवसात कोसळे, वरची काळी माती ओढ्यात ओढून नेई, मग महिनाभर तोंड दाखवीत नसे. पाच खंडी देणारे शेत एका खंडीवर आले. तिथी मात्र जिथल्या तिथे.

दोन वर्षे बी करपले. तिसऱ्या वर्षी गोमिनीजवळ एकच मडके उरले. ते गेले की पेरायला काही नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी नुसता शिडकावा झाला. राजपुरोहिताला मुहूर्त काढायला तेवढा पुरला. गोमिनीने मातीत हात घालून पाहिला. वर बोटभर ओल, खाली तव्यासारखी जमीन. बैलाला पाणी दाखवताना तिला राहवले नाही.

"आभाळ यांनी बिघडवायचं, आणि बी आमचं जाळायचं."

बैल ऐकत राहिला.

मुहूर्त भर दुपारचा निघाला. झूल पांघरलेला बैल दोन फेरे गेला आणि तिसऱ्याला मटकन खाली बसला. लोक हसले. राजवाड्याचा कडबा अंगी लागला, आता बैलही दरबारी झाला, असे कुणी म्हणाले. राजाने चाबूक मागवला. पाठीवर वळ उठले, बैल उठला नाही. मग तो माणसाच्या वाणीने बोलला.

"महाराज, मला ओझ्याचा कंटाळा नाही. माझे खूर भाजतात. तुमच्या पायांत वहाणा आहेत, म्हणून तुम्हाला कळत नाही. रान तुम्ही जाळले, त्याने पाऊस चुकला, आणि शिक्षा दाण्याला देता. होय, मी रागावलो आहे. पण या रागात तुमचे वाईट चिंतलेले नाही. एकदा वाकून मातीत हात घाला."

राजा लाजला, म्हणून जास्तच चिडला. समोर उभ्या गोमिनीलाच त्याने पहिली मूठ टाकायला सांगितली. तिने बियाचे मडके खाली ठेवले आणि ते कवेत धरून ती बैलाशेजारी बसली.

"जमीन घ्या महाराज. भिऊन दोनदा पेरलं. आता नाही."

शिपायाने काठी उगारली. तेवढ्यात मागची एक म्हातारी येऊन टोपली घेऊन बसली, मग तिच्या सुना, मग सारे शिवार. एकही तिफण हलेना. सगळीकडे पाहून झाल्यावर राजा वाकला. त्याने हात मातीत घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला.

पाऊस एकोणीस दिवसांनी आला. खोल ओल लागल्यावर लोकांनी पेरले आणि ते उगवले. राजाने भट्ट्या विझवल्या. पण रान उभे राहायला त्याचे उरलेले आयुष्य पुरले नाही, आणि वाहून गेलेली माती तर परत आलीच नाही. हे कुणाला गोड करून सांगता येणार नाही.

भरल्या सभेत एवढी गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "त्या वेळचा राजा म्हणजे आज सभेत मान खाली घालून बसलेला हा ग्रामप्रमुख. गोमिनी म्हणजे दाराशी उभी असलेली ही उपासिका. आणि तो बैल मीच होतो." सत्यपारमिता म्हणतात ती हीच: मार खाऊनही खरे सांगणे, आणि सांगताना द्वेष न धरणे.

बायांनो, तुम्हालाही कुणी पंचांग दाखवून कोरड्यात पेरायला सांगेल. आधी मातीत हात घाला. ओल नसेल तर बी उराशी धरून बसा, आणि ज्याने रान जाळले त्याला त्याच्या तोंडावर सांगा. एवढा नेम तुम्हीही धरा, ही हात जोडून विनंती.