काचेतला हुकूम

अंध मुलांना शिकवणार असलेल्या तीस शिक्षकांना मालिनीबाई घुले ब्रेल शिकवत. बाई स्वतः जन्मांध. शिक्षणाधिकारी धोंगडेसाहेबांना हे सगळंच थोतांड वाटे. "ठिपके काढायला दोन महिने कशाला? माझा कारकून संगणकावर दोन तासांत काढतो!" असं म्हणत एके सकाळी ते वर्ग बंद करण्याचा, स्वतःच्या सहीचा हुकूमच घेऊन आले. हुकूम ब्रेलमध्ये छापलेला, आणि साहेबांच्या थाटाला शोभेल असा सोनेरी चौकटीत, काचेखाली बसवलेला.

"घ्या बाई, तुमच्याच लिपीत आहे. वाचा आणि कुलूप लावा."

शिक्षकांचे चेहरे उतरले. बाईंनी मात्र चौकट मांडीवर घेतली आणि काचेवरून वरपासून खालपर्यंत शांतपणे बोटं फिरवली.

"साहेब, हुकूम शिरसावंद्य. पण इथं एक अक्षर नाही, नुसती गुळगुळीत काच आहे. आणि तोंडी हुकूम सरकारात चालत नाही, हे तर तुम्हीच सांगता."

साहेबांनी स्वतःच काचेवरून बोट फिरवून पाहिलं. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्कन हसलं.

"हा ज्यानं केला, त्याला उद्यापासून वर्गाला पाठवा," बाई म्हणाल्या. "ज्यानं सही केली, त्यालाही. पहिल्या बाकावर दोन जागा ठेवते."