चुन्याचा हत्ती

एका नगरातल्या बागेत ठकूबाई नावाची माळीण काम करायची. नगराध्यक्षीणबाई बाग पाहायला येणार म्हणून ती झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लावत होती. तेवढ्यात बादली कलंडली. चुना फरशीवर पसरला आणि त्याचा एक लांब ओघळ उतारावरून खाली गेला.

ठकूबाई पाणी आणायला गेली. परत आली तर फिरायला आलेले एक आजोबा चुन्यात खडा ठेवत होते.

"अहो, काय करताय?"

"डोळा! सोंड आहे, डोळा नको?"

ठकूबाईने मान वाकडी करून पाहिलं. खरंच हत्ती! तिने बदामाचं मोठं पान कानाच्या जागी ठेवलं. मग येणारा-जाणारा थांबू लागला. कुणी काडीचे सुळे लावले, कुणी शेंगेची शेपूट.

संध्याकाळी बागेचा मुकादम आला आणि ओरडला, "हा काय पसारा? पुसून टाक! नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नकोस."

ठकूबाईने खराटा उचलला. घरात तिच्या एकटीचीच कमाई होती. तिने हत्तीकडे पाहिलं आणि खराटा खाली ठेवला.

"डाग असता तर पुसला असता, मुकादम. हा हत्ती आहे."

"मग उद्या तुझा हिशेबच करतो!"

सकाळी अध्यक्षीणबाई आल्या. हत्ती पाहून थबकल्या, हसल्या आणि केसातलं फूल काढून त्याच्या कपाळावर ठेवलं.

"कुणाची ही कल्पना?"

"माझीच, बाईसाहेब!" मुकादम झटकन पुढे झाला.

"वा! मग इथे शेजारी आणखी एक करा. मी थांबते."

मुकादमाने बादली ओतली. नुसता चुना. दुसरी ओतली. आणखी चुना. विजार गुडघ्यापर्यंत पांढरी झाली.

"बाईसाहेब," तो शेवटी पुटपुटला, "मला यात काहीच दिसत नाही."

ठकूबाई पुढे आली. तिने दोन पानं इकडे, एक काडी तिकडे ठेवली. "हा बघा उंट. बसलाय, म्हणून पाय दिसत नाहीत."

"उंट! उंट!" बागेत जमलेली मुलं ओरडली.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "आजपासून या बागेत काय पुसायचं आणि काय ठेवायचं, ते ठकूबाई ठरवतील."

"आणि मी?"

"तुम्ही बादल्या भरा."

तात्पर्य, आणि हे खास मोठ्यांसाठी: पुसण्याआधी नीट बघा. आणि डागात हत्ती पाहणाऱ्या माणसाला कामावरून काढू नका, त्याच्या हाती काम द्या.